बंदराच्या आगगाडीचे रूळ व लोकांची पायवाट

मुंबई शहरातील एका जुन्या आगगाडीच्या मार्गाचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न शेतकऱ्यांच्या मासिकात कशासाठी, असे आमच्या काही वाचकांस प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. पेरणी, खत, बियाणे, कर्ज व बाजारभाव यांचा ऊहापोह बाजूस ठेवून आम्ही शहरवासीयांच्या फिरण्याच्या वाटेची चिंता का वाहावी? परंतु थोडा विचार केला असता असे दिसून येईल की, हे रूळ ज्या मालाच्या ओझ्याने झिजले तो माल आमच्या शेतातला होता. हा मार्ग ज्या वखारींच्या दारावरून जातो त्या वखारी आमच्याच कापसाने व धान्याने भरल्या होत्या. आणि ज्या चाळींतील माणसांस आज मोकळ्या हवेची वानवा आहे त्या चाळींतील पहिली पिढी आमच्याच बांधावरून उठून गेली होती. तेव्हा या वादात कृषिवर्गाने मौन धरणे शहाणपणाचे नाही व न्यायाचेही नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम हा मार्ग कोणता ते सांगितले पाहिजे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याने बॅलार्ड पियरपासून वडाळ्यापर्यंत बंदर खात्याची स्वतःची आगगाडी होती. १८७३ साली पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली, १८८० साली प्रिन्सेस गोदी तयार झाली, तिच्यामागून व्हिक्टोरिया गोदी झाली आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जिला आता इंदिरा गोदी म्हणतात, ती पुरी झाली. गोद्या वाढल्या तसा माल वाढला. माल वाढला तशी बैलगाड्यांची गर्दी वाढली. स्टेशनापासून धक्क्यापर्यंत गाठी व पोती बैलगाडीने न्यावयाची म्हणजे वेळ, भाडे व नासाडी या तिन्ही गोष्टी आल्या. यावर उपाय म्हणून माझगाव व शिवडी यांच्या दरम्यान समुद्र हटवून जी नवी जमीन काढली होती तिच्यावरून रूळ टाकण्यात आले आणि १९१५ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस ही आगगाडी सुरू झाली. जी. आय. पी. व बी. बी. सी. आय. या दोन्ही मोठ्या रेल्वेंच्या वाघिणी वडाळ्यास हिच्या ताब्यात येत व तेथून थेट वखारीच्या किंवा बोटीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहत.

या वाघिणींत काय असे, हे आमच्या वऱ्हाडी व खानदेशी वाचकांस सांगावयास नको. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. दहा वर्षांत बोरघाट ओलांडला गेला. आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजल्यामुळे तेथील कापूस विलायतेस मिळेनासा होऊन आमच्या काळ्या जमिनीच्या कापसास सोन्याचा भाव आला. तो भाव पुढे कोसळला व कित्येक घरे बसली, हाही इतिहास विसरण्याजोगा नाही. मुंबईच्या व मँचेस्टरच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसास ‘ऊमरा’ असे नाव होते, ते आमच्या उमरावतीवरून, म्हणजे अमरावतीवरून पडलेले. कापसाचा हा बाजार आधी कुलाब्यास भरत असे. १९२० नंतरच्या दशकात तो शिवडीच्या बाजूस नव्या वखारींत गेला आणि त्या ठिकाणास ‘कॉटन ग्रीन’ हे नाव कायमचे चिकटले. आज हार्बर मार्गाच्या लोकल गाडीतून जाणारा तरुण ते नाव रोज ऐकतो. परंतु हा कापूस कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मनात येत असेल असे दिसत नाही.

या मार्गाच्या आयुष्यातील सर्वांत भयंकर दिवस म्हणजे १४ एप्रिल १९४४. त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर आग लागून स्फोट झाले. त्या एकाच बोटीवर दारूगोळा व कापसाच्या गाठी या दोन्ही वस्तू भरल्या होत्या. शेकडो माणसे प्राणांस मुकली. गोद्या, वखारी व धान्याचे साठे जळून खाक झाले. त्या आगीशी झुंजताना जे बंबवाले कामास आले त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. एवढा आघात होऊनही बंदर पुन्हा उभे राहिले व रुळांवरील वर्दळ पुन्हा सुरू झाली.

आग जे करू शकली नाही ते काळाने केले. १९८२ च्या जानेवारीत परळ-लालबागच्या गिरण्यांत संप झाला व त्यातून गिरण्यांचा धंदा पुन्हा सावरला नाही. म्हणजे कापूस घेणारे मोठे गिऱ्हाईकच गेले. १९८९ साली खाडीपलीकडे न्हावाशेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि पेट्यांतून जाणारा माल तिकडे वळला. घाऊक बाजारही १९८० नंतर टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत वाशीस गेले. भाजी व फळे यांचा बाजार १९९६ साली हलला. अशा रीतीने बंदराच्या जुन्या आगगाडीखालचा आधार एकेक करून निघून गेला. जेथे वाघिणींची रीघ लागे तेथील जुनी वर्दळ ओसरली. कित्येक ठिकाणी रुळांत गवत माजले. वखारींचे पत्रे गंजले. आणि रुळांच्या कडेने हजारो गरीब कुटुंबांनी झोपड्या घातल्या.

आता या जमिनीचे करावयाचे काय? २०१४ साली केंद्र सरकारने पोर्ट ट्रस्टच्या माजी अध्यक्षा राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली पूर्व किनाऱ्याच्या जमिनीचा विचार करण्यासाठी समिती नेमली. पुढे २०१८ साली बंदर खात्यासच या टापूच्या नियोजनाचा अधिकार देण्यात आला व सुमारे साडेनऊशे हेक्टर क्षेत्राचा आराखडा लोकांपुढे ठेवण्यात आला. त्यात बागा, किनाऱ्याची वाट, प्रवासी बोटींचे धक्के, इमारती इत्यादी अनेक गोष्टी होत्या. तेव्हापासून या विषयावर जी मते ऐकू येतात त्यांचे तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग म्हणतो की, जमीन सोन्याच्या मोलाची आहे, तिच्यावर उंच इमारती बांधाव्यात व येणाऱ्या पैशातून सरकारने आपली कामे करावीत. दुसरा वर्ग म्हणतो की, ज्या शहरात माणशी दोन चौरस मीटरही मोकळी जागा वाट्यास येत नाही तेथे रुळांची ही पट्टी म्हणजे ईश्वराने दिलेले दान आहे. तिच्यावर झाडे लावून पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलवाल्यांसाठी सलग वाट करावी. तिसरा वर्ग म्हणतो की, आगगाडीचा मार्ग एकदा मोडला तो पुन्हा मिळत नाही. म्हणून रूळ तसेच राखावेत व मालाची किंवा माणसांची गाडी तेथे पुन्हा चालवावी.

या तिन्ही मतांत थोडेबहुत तथ्य आहे. परंतु आपले मत देण्यापूर्वी इतर देशांत अशा मार्गांचे काय झाले ते पाहणे उपयोगाचे होईल.

फ्रान्स देशात पॅरिस शहरी व्हँसेनकडे जाणारा मार्ग १९६९ साली बंद झाला. त्याच्या कमानींवर व पुढील पट्टीवर सुमारे पावणेपाच किलोमीटर लांबीची झाडांची वाट करण्यात आली व १९९३ साली ती लोकांस खुली झाली. कमानींच्या खालचे गाळे कारागिरांस देण्यात आले. म्हणजे वर फिरणारे फिरतात व खाली हातांस काम मिळते. ही योजना आम्हांस विशेष मनोवेधक वाटते.

न्यूयॉर्क शहरातील उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. तेथे १९३४ साली उंच खांबांवर मालगाडीचा मार्ग बांधला होता व त्यावरून मांस, दूध व शेतमाल थेट वखारींच्या वरच्या मजल्यांत जाई. १९८० साली शेवटची गाडी गेली. मार्ग पाडून टाकावा असे जमीनमालकांचे म्हणणे होते. परंतु १९९९ साली काही नागरिकांनी संस्था काढून तो वाचविला व २००९ साली त्यावर बाग सुरू झाली. ती पाहावयास जगातून लोक येतात. पण या गोड फळात एक किडका भागही निघाला. बागेच्या दोन्ही अंगांस जमिनीचे भाव भडकले, धनिकांचे वाडे उठले, आणि शेजारच्या गरीब वस्तीतील लोक बागेपासून दूरच राहिले. ज्या दोघांनी ही चळवळ सुरू केली त्यांपैकी एकाने पुढे स्वतःच ही उणीव उघडपणे कबूल केली, ही गोष्ट त्यास भूषणावह आहे व आपणांस बोधप्रद आहे.

आमच्या वाचकांस अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण न्यूझीलंडचे आहे. तेथील ओटागो प्रांतातील आगगाडी १९९० साली बंद पडली आणि तिच्या सुमारे दीडशे किलोमीटर मार्गाची २००० साली सायकलींसाठी व पायी प्रवाशांसाठी वाट झाली. हा मुलूख मेंढपाळांचा व शेतकऱ्यांचा. आता वाटसरूंच्या मुक्कामामुळे त्या ओसाड होत चाललेल्या गावांतील खाणावळी, धर्मशाळा व दुकाने यांस नवा जीव आला आणि कित्येक शेतकरी कुटुंबांनी आपल्या घराच्या दोन खोल्या प्रवाशांस देऊन शेतीस जोडधंदा मिळविला.

अमेरिकेतील कायद्याचा प्रश्न मात्र जमीनदार वाचकांनी नीट ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथे १९८३ साली असा कायदा झाला की, बंद पडणारा रेल्वेमार्ग मोडून न टाकता तो लोकांच्या वाटेसाठी वापरावा आणि पुढेमागे गाडीची गरज पडली तर पट्टी पुन्हा रेल्वेस मिळावी. जणू मार्ग पेढीत ठेव म्हणून ठेवला. कल्पना चांगली, पण कडेच्या शेतकऱ्यांनी विचारले की, आमच्या वडिलांनी रेल्वेस केवळ जाण्यायेण्याचा हक्क दिला होता, जमीन दिली नव्हती, गाडी गेली तेव्हा जमीन आमची झाली, तिच्यावरून आता परकी माणसे कशी जाणार? यावर पुष्कळ दावे झाले आणि २०१४ साली वायोमिंगमधील एका प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकाच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे स्थिती निराळी आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे घेतलेली जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन पूर्णपणे सरकारची होत असे. मूळ मालकाचा तीत हक्क उरत नसे. आणि मुंबई बंदराची ही पट्टी तर बहुतांशी समुद्रातून काढलेली. म्हणजे तिच्यावर कोणा एकाचा वारसा नाही, आणि म्हणूनच सर्वांचा आहे.

परंतु ‘सर्वांची जमीन’ या शब्दांचा मुंबईत काय अर्थ होतो, हे जाणण्यास परदेशी जावयास नको. परळ-लालबागच्या गिरण्यांची हकीकत पुरेशी आहे. गिरण्या मोडकळीस आल्यावर १९९१ साली सरकारने नियम केला की, गिरणीच्या जमिनीचा विकास करताना ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन शहरास मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश गरिबांच्या घरांसाठी व एक तृतीयांश मालकास मिळावी. नियम वाचून कोणासही समाधान वाटावे. पण २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी सबंध जमिनीची न राहता जेथे मुळात बांधकाम नव्हते तेवढ्याच तुकड्याची राहिली. उच्च न्यायालयात लोकपक्षास यश आले. तथापि ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. सुमारे सहाशे एकरांपैकी लोकांच्या वाट्यास जे यावयाचे होते त्याचा लहानसा अंशच हाती आला. ज्यांच्या बापांनी त्या आवारात तीन पाळ्यांत घाम गाळला ते आज त्याच आवारातील काचेच्या दुकानांपुढून मान खाली घालून जातात. हे कामकरी कोण? रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्याच्या मावळातले आमचेच भाऊबंद. त्यांच्या मनीऑर्डरीवर आमच्या खेड्यांतील कित्येक घरांनी सारा भरला आहे, बैल घेतला आहे, मुलीचे लग्न केले आहे. त्यांच्या नातवंडांस संध्याकाळी बसावयास एक झाड असावे, ही आमची आपुलकीची इच्छा आहे.

गिरगावचे नाव घ्या. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे अजून तोंडी आहेत. फणस, केळी व आंबे मात्र नाहीत. वाडी म्हणजे बागायत, हा मूळ अर्थ तेथील मुलांस समजावून सांगावा लागतो. ज्या शहराने आपल्या वाड्या एकदा गमावल्या त्यास पुन्हा एक लांब, सलग हिरवी पट्टी मिळण्याचा योग वारंवार येणार नाही.

म्हणून आमचे मत असे की, बंदराच्या मार्गाची पट्टी लोकांच्या वाटेसाठी राखली जावी. परंतु हे मत आम्ही काही अटींनिशी देतो, आणि त्या अटी नसतील तर ते मत आमचे समजू नये.

पहिली अट अशी की, पट्टी अखंड राहिली पाहिजे. याचे महत्त्व शहरी पंडितापेक्षा शेतकरी लवकर जाणील. गावच्या पाणंदीचे काय होते ते आपण रोज पाहतो. हा बांधकरी एक तास आत घालतो, तो दुसरा घालतो. दहा वर्षांत बैलगाडी जाण्याची पाणंद माणूस जाण्याची होते व वीस वर्षांत तीही बुजते. मग ऊस शेतात उभा आणि गाडी रस्त्यावर उभी. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याने अडविलेली वाट मोकळी करून देण्याचा अधिकार मामलेदारास आहे. तरीही तालुका कचेरीत अशी प्रकरणे किती पडून असतात हे वाचकांस ठाऊक आहे. सलग वाट म्हणजे साखळी. एक कडी तुटली की बाकीच्या कड्या लोखंडाच्या भावाने जातात. मुंबईच्या पट्टीतही एक तुकडा या कामास, एक त्या कामास असे सुरू झाले तर शेवटी नकाशावर हिरवी रेघ उरेल व जमिनीवर काहीच उरणार नाही.

दुसरी अट अशी की, मालकी सार्वजनिकच राहावी व तिचा उपयोग कायद्याने बांधून द्यावा, ज्यायोगे पुढील कोणत्याही दुरुस्तीने तो पालटता येऊ नये. गिरण्यांच्या बाबतीत नियम होता, पण तो मागील दाराने वितळला. वाटेच्या दोन्ही अंगांस ज्यांच्या जमिनीचे मोल वाढेल त्यांच्याकडून त्या वाढीचा योग्य हिस्सा घेऊन वाटेची निगा राखावी. पाटबंधाऱ्याचे पाणी आले म्हणजे आमच्याकडून पाणीपट्टी घेतात. मग सरकारी बागेच्या शेजाराने ज्यांचा फायदा होतो त्यांनी फुकट का घ्यावे?

तिसरी अट रुळांच्या कडेने राहणाऱ्या कुटुंबांविषयीची. त्यांस हुसकून वाट करणे म्हणजे भाडोत्र्यास बाहेर काढून अंगणात तुळस लावण्यासारखे होय. त्यांची सोय जवळपासच व आधी झाली पाहिजे.

चौथी अट ही खास आमची, आणि तिच्यावर आम्ही सर्वांत अधिक भर देतो. या मार्गावर एकच नव्हे तर अनेक रूळ बाजूबाजूने पडलेले आहेत. त्यांपैकी एक रूळ वडाळ्यापासून कॉटन ग्रीनच्या वखारींपर्यंत जिता ठेवावा व दोन-चार जुन्या वखारी दुरुस्त करून तेथे शेतकऱ्यांचा स्वतःचा विक्रीबाजार उघडावा. रात्री मालगाडी यावी, पहाटे माल उतरावा, दिवस उजाडल्यावर लोकांची वाट लोकांस मोकळी व्हावी. ही कल्पना हवेतली नाही. पहाटे दादर स्टेशनाबाहेर जाऊन पाहावे: वसई, विरार, पालघरकडील बाया पहिल्या लोकलच्या सामानाच्या डब्यातून पालेभाजी व फुले घेऊन उतरतात आणि पदपथावर, पावसाचिखलात, हाकलले जाण्याच्या धास्तीत माल विकतात. आगगाडीने शेतमाल गिऱ्हाईकाच्या दाराशी नेता येतो हे त्या बायांनी कोणत्याही समितीवाचून सिद्ध केले आहे. २०१६ साली राज्य सरकारने फळे व भाजी यांस बाजार समितीच्या आवाराबाहेर विक्रीची मोकळीक दिली व शेतकऱ्यांचे आठवडी बाजार सुरू केले. २०२० च्या ऑगस्टात देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वेही निघाली. म्हणजे कायदा आहे, गाडी आहे, माल आहे. एक हक्काची छपराची जागा तेवढी नाही. ती कॉटन ग्रीनसारख्या ठिकाणी मिळावी यात औचित्य आहे, कारण ती वखार मुळात आमच्याच मालावर उभी राहिली.

यावर आक्षेप येईल की, बाजार आला म्हणजे चिखल, कचरा व गोंगाट आला. फिरावयास येणाऱ्या लोकांस ते रुचणार नाही. आम्ही नम्रपणे विचारतो की, कोबी-मेथीचा वास ज्यांस सोसत नाही त्यांनी कोबी-मेथी खाण्याचे सोडले आहे काय? पॅरिसला जर कमानीखाली सुतार व वर झाडे असे नांदू शकते, तर मुंबईस एका अंगास भाजी व दुसऱ्या अंगास सावली असे का नांदू नये? मात्र स्वच्छतेची जबाबदारी आमचीही आहे. माल निवडून, प्रतवारी करून, माती झाडून नेला पाहिजे, आणि सडका पाला परत नेऊन खतात घालण्याची व्यवस्था आमच्या सोसायट्यांनी केली पाहिजे. हक्क मागावयाचा व घाण दुसऱ्याच्या दारी टाकावयाची, हे शोभणार नाही.

आता एक महत्त्वाचा इशारा दिला पाहिजे. मुंबईस जे योग्य ते सर्वत्र योग्य, असे कोणी समजू नये. मूर्तिजापूरहून यवतमाळकडे व अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आमच्या वऱ्हाडी वाचकांच्या आठवणीतली आहे. यवतमाळचा ११३ किलोमीटरचा मार्ग १९०३ साली सुरू झाला आणि अचलपूरचा ७६ किलोमीटरचा १९१३ साली. दोन्ही कापसासाठीच बांधलेले. किलिक निक्सन या पेढीच्या कंपनीची ती मालमत्ता. १९५१ च्या सुमारास देशातील रेल्वे सरकारच्या झाल्या तरी हा मार्ग खाजगी मालकीचाच राहिला, हे नवल होय. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालच्या एप्रिलपर्यंत चालले, मग डिझेलचे आले. २०१६ साली रेल्वेमंत्र्यांनी या मार्गाचे रुंदीकरण करण्याचे जाहीर केले. परंतु घोषणा व गाडी यांच्यामध्ये जे अंतर असते ते वऱ्हाडने पुरेपूर अनुभवले आहे.

या मार्गाचीही सायकलींची वाट करावी, असे उद्या कोणी सुचवील. आम्ही त्यास साफ विरोध करू. मुंबईकरास गाडीची वाण नाही, झाडाची आहे. यवतमाळच्या खेडुतास झाडाची वाण नाही, गाडीची आहे. शकुंतलेचे भाडे एस. टी. च्या मानाने अल्प होते. आठवड्याच्या बाजारास जाणारी म्हातारी, दवाखान्यास जाणारा रोगी व कॉलेजास जाणारा मुलगा यांस ती परवडत होती. कापूस उत्पादकांची जी दैना त्या जिल्ह्याने पाहिली आहे ती पाहता तेथे माल व माणसे स्वस्तात नेणारे साधन काढून घेणे हा अपराध होईल. रुंदीकरणास विलंब लागणारच असेल, तर अमेरिकेच्या धर्तीवर पट्टी ठेव म्हणून राखावी. तीवरून तूर्त सायकलीने मुले शाळेस जावोत, पण कागदोपत्री ती रेल्वेचीच राहावी व तिचा वावभरही तुकडा विकला जाऊ नये. तिच्या कडेला ज्यांची शेते आहेत त्या बंधूंसही आमचे सांगणे असे की, रुळांच्या पट्टीत नांगर घालण्याचा मोह आवरावा. आज मिळालेल्या चार तासांपायी उद्याची गाडी घालविणे हा तोट्याचा सौदा होय.

शेवटी वाचकांस आमची विनंती आहे. मुंबईच्या जमिनीचे निर्णय मुंबईतच होतात आणि आराखड्यांवर हरकती व सूचना मागविल्या जातात तेव्हा त्यांत बांधकाम करणाऱ्यांची पत्रे असतात, नागरिकांच्या संस्थांची असतात. शेतकऱ्यांचे पत्र क्वचितच असते. मग बाजारासाठी जागा ठेवली नाही म्हणून आपण गावच्या पारावर बसून हळहळतो. प्रत्येक तालुक्याच्या सहकारी संस्थेने, फळबागायतदारांच्या संघाने व कापूस उत्पादकांनी ठराव करून तो राज्य सरकारकडे व बंदर प्राधिकरणाकडे धाडावा. ठराव लहान असावा, भाषा सभ्य असावी व मागणी एकच असावी: पट्टी अखंड राखा, लोकांस वाट द्या, आणि वखारीचा एक कोपरा ज्याने ती वखार भरली त्यास द्या.

शंभराहून अधिक वर्षे त्या रुळांवरून आमचा माल गेला. त्याच्या भावावर आमची सत्ता कधीच नव्हती. आता रूळ रिकामे झाले असता त्यांचे काय व्हावे हे सांगण्यापुरता तरी आमचा शब्द असावा. तो शब्द वेळेवर उच्चारणे हे आमच्या वाचकांच्या हाती आहे.